एकोणिसावं भोक

बॉनेट उघडलं की आधी वास येतो:
जुनं डिझेल, उंदरानं कुरतडलेली वायर,
बॅटरीच्या पाण्यानं खाल्लेला पत्रा.
गाडी त्र्याण्णवची, तीन दारांची,
मागच्या काचा छतापर्यंत वळलेल्या.
तन्मयी अर्जुनवाडकर टॉर्च मारून म्हणाली,
"काका, इथं दुसरं काही दिसायला नको.
फक्त इंजिन. बाकी सगळं गुळगुळीत."

म्हणजे भोकं बुजवायची.
क्लिपांची, ब्रॅकेटांची, हॉर्नची, रिलेची,
कंपनीनं पाडलेली, आणि नंतर गल्लीतल्या वायरमननं
हातात ड्रिल आहे म्हणून पाडलेली.
खडूनं नंबर टाकत गेलो. तेवीस.

भोसरीत गुरुवारी लाईट नसते.
तो दिवस हाताचा.
बाकरवडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
बॅटरीच्या ट्रेचा नमुना बेतला
शिंप्यासारखा, कोपऱ्यात अर्धा सूत सैल ठेवून;
वळताना पत्रा आपलं माप आपणच ठरवतो.
शुक्रवारी अठरा गेज कापला, वाकवला,
टिगचा निळा ठिपका शिवणीवरून नेला
मुंगी चालते तेवढ्या वेगानं.

फायरवॉलला पोचा होता, नारळाएवढा.
तो मठारायला तांबट आळीतली हातोडी.
विकताना म्हातारा म्हणाला होता,
"मारू नका. नुसती पडू द्या."
पडू दिली. तीन संध्याकाळी, टक टक टक,
शेजारच्या लेथवाल्यानं शिव्या देईपर्यंत.
मुनीर पॉलिश पेपर चारशेवरून हजारावर नेत
वाकून स्वतःचे दात बघत म्हणाला,
"चाचा, इथं दाढी करता येईल."

मग भोकं.
आत पत्र्याची टिकली, कडेनं चार टाके,
थांबायचं. हात लावून बघायचं.
घाई केली की पत्रा रुसतो, फुगून बसतो,
आणि रुसलेल्या पत्र्याची समजूत
आठवडाभर निघत नाही.
सात. अकरा. अठरा.

एकोणिसावं वायपरच्या मोटरखाली.
गोल नाही. लांबट, खजुराच्या बीसारखं.
चष्मा कपाळावर घेतला, बोट आत घातलं.
कड कानशीनं घासलेली,
आणि घासा उलटा उतरलेला.

ह्याच भोसरीत, दोन गल्ल्या सोडून,
तेव्हा आम्ही हे पत्रे दाबायचो.
एका दुपारी जिग दोन मिलिमीटर सरकलं,
कळेपर्यंत चाळीस नग पडलेले.
साहेब जेवायला गेले होते.
विलास टेमगिरेनं गोल कानस काढली,
म्हणाला, "ह्यांना भंगारात घालतो व्हय?
एकेकाला ओढून आणतो जागेवर."
आणि आणलं. डावखुरा.
त्याचा घासा आम्ही अंधारात ओळखायचो.

ते शॉप पाडलं. तिथं आता बावीस मजले.
टेमगिरे तिथंच असतो, गेटवर,
येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवतो.
मी एकदा गेलो होतो कुणाचं तरी कपाट वेल्ड करायला.
त्यानं माझाही नंबर लिहून घेतला,
मग वर बघितलं.

वीस, एकवीस, बावीस, तेवीस बुजवली.
प्रायमर, मग रंग, ओल्या पाटीसारखा राखाडी.
वायरिंग फेंडरच्या पोटात लपवलं,
होजच्या क्लिपांचे स्क्रू एकाच दिशेला तोंड करून.
एकोणिसाव्यासाठी नाना पेठेतून
रबराचं ग्रोमेट आणलं, सहा रुपयांचं.
बसवलं. पुन्हा काढून खिशात टाकलं.

रविवारी तन्मयी आली. बराच वेळ काही बोलली नाही,
म्हणजे पसंत आहे.
मग टॉर्च थांबला.
"काका, एक राहिलं."
"राहू दे."
"वायर जाते का त्यातून?"
"नाही."
ती वाकली. करंगळी घातली, कडेवरून फिरवली,
एकदा, परत एकदा.
"हे कुणीतरी हातानं केलंय."
"डाव्या," मी म्हणालो,
आणि मुनीरला चहा सांगायला पाठवलं.